कुमागाइसानांची एका हाताची कवायत

तोमेजिरो कुमागाइंच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलला. शुद्धीवर येताच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "पेटीवर कधी चढू?"

ती बाटल्यांची लाकडी पेटी देवळामागच्या मैदानात असायची. सकाळी रेडिओवर कवायतीचा पियानो वाजला की कुमागाइ तिच्यावर उभे राहून गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून कवायत करून घेत. पेटी रिकामी दिसली तर पहिल्या रांगेतले मुरोइ, निवृत्त मुख्याध्यापक, वर चढणार. आणि चढलेले मुख्याध्यापक आपण होऊन उतरत नाहीत.

"हात गळ्यातल्या झोळीतच ठेवायचा. बाकी अंग हलवा," डॉक्टर म्हणाले.

"अहो, एका हाताची कवायत कुणी बघितलीय का?" बायको सादाए म्हणाली.

"आता बघतील."

पियानो वाजला. पेटीवर कुमागाइंचा डावा हात वर गेला, समोरच्यांचे दोन्ही. मुरोइ ओशाळले. ज्याला एकच हात उचलता येतो त्याच्यापुढे दोन कसे नाचवायचे? त्यांनी उजवा हळूच खाली घेतला. ते पाहून शेजारी उभ्या हिसानोबाईंनीही घेतला. बघता बघता मैदानात एकही उजवा हात वर उरला नाही. आमच्या गल्लीत असलं काही बोलून दाखवत नाहीत.

"माझी पद्धत लोकांना पटली बघ," कुमागाइ घरी येऊन म्हणाले. सादाएला सगळं कळलं होतं, पण नवरा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच शीळ घालत होता. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

हिसानोबाईंचा उजवा हात सवयीने वर जाई, म्हणून त्यांनी तो रुमालात बांधला. आठवड्याभरात सगळी रांग झोळ्या अडकवून येऊ लागली. पलीकडच्या गल्लीचे लोक कुंपणावरून पाहून गेले आणि त्यांनीही हीच कवायत सुरू केली.

कुमागाइंची झोळी सुटली, तरी पेटीवर ते डाव्यावरच राहिले. लोकांना एवढी आवडलेली पद्धत मोडायची कशी? उजव्या हाताचा सराव ते घरातच करत. दवाखान्यात खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या इगाराशीबाईंनी सांगितल्याप्रमाणे बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवत. शरदात पर्सिमनची फळं पिकली तोवर हात कपाटाच्या माथ्याला लागला.

"आता पेटीवर दोन्ही हात," इगाराशीबाईंनी फर्मान काढलं. "आणि तुमच्या गल्लीत काय साथ आलीय हो? सगळे उजवा खांदा धरून माझ्याकडे येतायत."

दुसऱ्या दिवशी कुमागाइंचे दोन्ही हात आभाळाकडे गेले. खाली आनंदाने झोळ्या सुटल्या, आणि पाठोपाठ "आई गं" ऐकू आलं. मुरोइंचा हात छातीशीच अडकला. कुमागाइ ओशाळले. त्यांनी आपला उजवा हात हळूच खाली घेतला.

"खाली नका घेऊ," मुरोइ कळवळून म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून इतके महिने आम्ही..." त्यांनी जीभ चावली.

कुमागाइ पेटीवर थिजले. "म्हणजे पद्धत पटली नव्हती?"

"अजिबात नाही," हिसानोबाई म्हणाल्या.

कुमागाइंना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं मैदानच खांदे धरून हसत सुटलं.

दुसऱ्या सकाळी पियानो वाजला तेव्हा सगळी गल्ली देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मुरोइसान, घाई नको. बोटं मुंगीसारखी चालवा," कुमागाइ पेटीवरून म्हणाले.

"चालवतोय हो." मुरोइंनी पेटीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

पलीकडच्या गल्लीचे लोक झोळ्या अडकवून कुंपणाशी उभे होते. थोडा वेळ त्यांनी नीट पाहिलं आणि घाईघाईने एखादी चांगली भिंत शोधायला निघून गेले.