दारावर वाळत घातलेल्या सासूबाई

सासूबाईंच्या सत्तरीची पत्रकं बाहेर छापायला न टाकता घरच्या रंगीत प्रिंटरवर काढायची, हा निर्णय आजेकुमनं एकट्यानं घेतला. (बायकोशी बोलून घेतलेल्या निर्णयांत त्याचा वाटा फक्त मान हलवण्याचा असे.) कुमासी शहराच्या शिक्षण खात्यातला जुना कारकून तो, कागदाला कशाला घाबरेल? पण खरं कारण वेगळंच होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी बिरागोबाईंच्या तोंडून जावयाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. त्या त्याला नावानंही हाक मारत नसत, ‘सेरवाचा तो’ म्हणत. उद्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात त्यांचं सुबक पत्रक पडलं, की तो एक शब्द तरी पदरात पडेल, अशी त्याला फार आशा होती.

शनिवारी सकाळी पहिलं पान बाहेर आलं. सेरवानं ते हातात घेतलं.

“अहो, आईचा निळा झगा लाल कसा झाला?”

“घरातल्या दिव्यात तसं वाटतं. रंग उन्हात बघायचे असतात.”

“आणि ही चौकट? ही पण निळीच होती ना?”

“उन्हात बघू म्हटलं ना!”

त्यानं पान कपड्यांच्या चिमट्यांनी फाटकावर लावलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून न्याहाळलं. पलीकडूनही ते लालच होतं. म्हणजे निळी शाई तुंबली. पान ओलं होतं, ते तिथंच वाळत ठेवून तो प्रिंटर साफ करायला आत गेला.

आता शनिवारची सकाळ, फाटकावर लाल-काळ्या रंगात एका वयस्कर बाईचा फोटो, खाली नाव आणि वय. कुमासीत शनिवार मयताचा वार आणि लाल-काळा सुतकाचा रंग, त्यामुळे याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: ही बाई गेली. (आजेकुमच्या तो ध्यानात आला नाही, कारण तो निळा शोधत होता.)

समोर मक्याची केंकी विकणाऱ्या दुफीमावशी दुसऱ्याच एका मयताला निघाल्या होत्या. शनिवार असल्यामुळे अंगावर काळं-लाल होतंच. पान दिसताच त्यांनी तिथंच हंबरडा फोडला. रस्त्यानं अशाच नटून मयताला निघालेल्या बायका एकेक करून थांबल्या. आधी इथलं रडून घेऊ, मग पुढं जाऊ, असा साधा हिशेब. पाव तासात फाटक दिसेनासं झालं.

“कुणीतरी गेलं वाटतं,” कोपरापर्यंत शाईनं माखलेला आजेकुम आतून म्हणाला.

तेवढ्यात नमुना बघायला मॅम्पाँगहून निघालेल्या बिरागोबाई गाडीतून उतरल्या. लेकीच्या दाराशी काळी-लाल गर्दी आणि आकांत! कोण गेलं हे विचारायचंही भान त्यांना राहिलं नाही. हातातली पिशवी टाकून, डोक्याला हात लावून त्या गर्दीच्या मागूनच रडायला सुरू झाल्या.

“अगं बाई, माझा जावई गेला! सोन्यासारखा माणूस! कधी उलटून बोलला नाही गं! आजेकुम, बाळा!”

आत आजेकुमच्या हातातलं फडकं गळालं.

“अहो, जा ना बाहेर!” सेरवा किंचाळली. “आई तुमच्यासाठी रडतेय!”

“थांब जरा,” तो हळूच म्हणाला, “अजून बोलतायत त्या.”

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं ते एका दमात कानावर पडत होतं. ‘बाळा’वर तर तो पार विरघळला.

बाहेर दुफीमावशींनी वळून पाहिलं. ज्यांच्यासाठी आपण गळा काढलाय, त्याच गर्दीमागं उभं राहून आपल्यापेक्षा जोरात रडतायत, हे बघून त्या फाटक धरून मटकन खाली बसल्या. गर्दी फुटली, पान दिसलं, आणि त्याच वेळी लाल हातांचा आजेकुम दारात उभा राहिला.

बिरागोबाईंचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

“मेला नाहीस?”

“नाही, आई.”

“मग एवढा वेळ आत काय करत होतास?”

“ऐकत होतो.”

त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग सुजल्या डोळ्यांच्या बायकांकडे. एकेकीवर बोट ठेवून त्यांनी मोजायला सुरुवात केली.

“सत्तावीस!” त्या म्हणाल्या. चेहरा उजळला होता. “माझ्यासाठी सत्तावीस जणी रडल्या, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं! सगळ्यांना उद्या चर्चमध्ये बोलाव, आजेकुम. आणि पत्रकं निळी काढ.”

मयतात काढलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि ‘आजेकुम’ हे नावही त्यांच्या तोंडी राहिलं. संध्याकाळी निळी शाई मोकळी झाली. रविवारी पत्रकं अशी उठून दिसली, की पाद्रीबाबांनीही एक जपून ठेवलं.

पुढच्या शनिवारी नवी शाई भरल्यावर रंग तपासायला आजेकुमनं स्वतःचाच फोटो छापला, मुद्दाम लाल-काळ्या चौकटीत. फाटकावर लावला आणि खिडकीच्या पडद्याआड कान देऊन बसला. दुपारपर्यंत काळ्या-लाल वेशातल्या कितीतरी बायका रस्त्यानं गेल्या. शेवटी दुफीमावशी थांबल्या, फोटोजवळ डोळे नेऊन त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. आजेकुमनं श्वास रोखला.

“सेरवा,” त्यांनी आत हाक मारली, “यात पिवळा कमी पडलाय गं!”

आणि त्या केंकी विकायला निघून गेल्या.