एक दाबा

"माझ्या मोटरीला हात कोणी लावला?" विठोजी बांधावर उभे राहून ओरडले.

शेवंतीच्या वाफ्यांत घोटाभर पाणी साचलं होतं. दसरा महिन्यावर आलेला, आणि ऐन कळ्या धरायच्या वेळी झाडांनी पिवळी पडून माना टाकल्या होत्या. आनेकलच्या वाटेवरची ही दोन एकर जमीन विठोजींनी आजूबाजूला प्लॉट पडले तरी विकली नव्हती. शहरातल्या जे. पी. नगरच्या घरून दोन बस बदलून ते रोज सकाळी येत आणि जेवणाला परत जात. वीज मात्र नेमकी ते गेल्यावर, दुपारी यायची. म्हणून त्यांच्या मुलानं, गिरीराजनं, पंधरा दिवसांपूर्वी मोटरीला एक यंत्र बसवलं होतं. वीज आली की यंत्र गिरीराजला फोन करणार, तो ऑफिसात बसून एक दाबणार, की मोटर सुरू. विठोजींना ते यंत्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होतं.

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "रोज मोटर चालवायला तुला काय झालंय?"

"मी एकदाही दाबलं नाही, अप्पा. फोनच आला नाही. मला वाटलं, तिकडे वीजच नाही."

"मग मोटर आपली आपण नाचते काय?"

पंपाच्या खोलीची दुसरी चावी एकाच माणसाकडे होती. शेजारच्या, उताराकडच्या शेतातला देवाप्पा. तीस वर्षं दोघांनी सकाळची न्याहारी एकाच डब्यातली केलेली. त्या क्षणी देवाप्पाच समोरून येत होता.

"अण्णा, स्वल्प ऐका, तुमचं पाणी..."

"पाण्याचं नाव काढू नको! माझी शेवंती कुजवायला निघालास? चावी टाक इथं!"

देवाप्पाचा चेहरा लाल झाला. त्यानं चावी चिखलात भिरकावली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा विठोजींनी त्याला बांधही ओलांडू दिला नाही. खोलीला नवं कुलूप लागलं. बांधावर काटेरी तार आली. फोन येत नाही म्हणजे यंत्र बंदच, असं बाप-लेक धरून चालले होते. पंधरा दिवस झाले तरी पाणी रोज वाढतच होतं. घरी विठोजी जेवणाच्या ताटावर ओरडायचे, दूधवाल्यावर ओरडायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, राजलक्ष्मीनं, मुलाला सांगून टाकलं, "याचा छडा लाव, नाहीतर मी अक्काकडे म्हैसूरला जाते."

रविवारी बाप-लेक कुलूप लावलेल्या खोलीसमोर पहारा देत बसले. दोन वाजता वीज आली. देवाप्पा लांब, आपल्या शेतात पाठमोरा वाकलेला दिसत होता. आणि मिनिटभरात मोटर घरघरली.

"बघितलंस?" विठोजी किंचाळले. पण काय बघितलं, हे त्यांनाही सांगता येईना.

गिरीराजनं आपला फोन बघितला. तो गप्पच होता. मग त्यानं यंत्रात भरलेला नंबर काढून पाहिला आणि कपाळाला हात लावला. स्वतःच्याच नंबरचे शेवटचे दोन आकडे त्यानं उलटे भरले होते. त्या नंबरावर त्यानं फोन केला.

"हॅलो, कौन?" एक तरुण बाई कडाडली. "आप लोगों का फोन रोज मीटिंग में आता है!"

"कोण आहे रे ती?" विठोजींनी विचारलं.

"अय्या, तुम्ही मराठी?" ती पुण्याची केतकी होती, कोरमंगल्यात नोकरीला. राग मात्र तसाच होता. "महिना झाला! रोज कन्नडमध्ये रेकॉर्डेड कॉल. मला एक अक्षर कळत नाही. कट केला की लगेच परत येतो. एक दाबलं की बंद होतो, म्हणून मी दाबते. आत्ताच दाबलं!"

विठोजींनी फोन ओढून घेतला. "बाई, तू एक दाबतेस आणि माझी शेवंती इथं बुडते!"

पलीकडे केतकीचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे... मी शेताला पाणी घालत होते?"

"नंबर बदलायला माणूस पुढच्या आठवड्यात येईल," गिरीराज मध्येच म्हणाला.

"तोवर काही दाबू नको!" विठोजी गरजले. "फोनच बंद करून ठेव!"

मग ते तरातरा देवाप्पाच्या शेतावर गेले. गिरीराज मागोमाग. "चूक माझी झाली!" विठोजी ओरडले. माफीसुद्धा त्यांनी भांडणाच्याच आवाजात मागितली. "तू हात लावला नव्हतास! चुकीच्या नंबरावरची एक पोर फोनवर रोज एक दाबत होती!"

"सरी, ठीक आहे, अण्णा," देवाप्पा म्हणाला. पण तो डोळ्याला डोळा देईना.

त्याच्यामागे माठाची भाजी उभी होती. लुसलुशीत, चार बोटं उंच, बांधापासून बांधापर्यंत. विठोजी बघतच राहिले. "तुझी बोअर तर उन्हाळ्यातच आटली. याला पाणी कुठलं?"

देवाप्पा पायानं माती उकरू लागला. "तुमचं, अण्णा. उतारावरनं येत होतं. मी दोनदा सांगायला आलो. तुम्ही तोंड उघडू दिलं नाही." त्यानं भाजीकडे बघितलं. "मग मी बी टाकलं."

विठोजींचे कान तापले. शिवी ओठांपर्यंत आली, पण ती कोणाला द्यायची हे ठरेना.

"आठ दिवसांत काढायला येईल," देवाप्पा हळूच म्हणाला. "ती पोर उद्यापासनं दाबणार नाही काय?"

"दाबेल!" विठोजी गर्रकन वळले आणि मुलाच्या हातातला फोन पुन्हा हिसकावून त्यांनी तोच नंबर लावला. "माझी कुजली म्हणून तुझी वाळवू काय? हॅलो! ए बाई! उद्यापासनं दाब! आठ दिवस, रोज, आठवणीनं! आणि एक दिवस जरी चुकलीस ना, तर माझ्याशी गाठ आहे!"