अकराव्या पिल्लाचा दाखला

व्यायल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आमच्या गोदा सशिणीनं मला लेखी कळवलं की तिच्याकडे जागा आठ आहेत, पिल्लं अकरा आहेत, सबब प्रवेश प्रक्रिया राबवावी लागेल.

मागणी रास्त होती. गोदाला आचळं आठच, आणि सशीण पाजते दिवसातून एकदा, पहाटे, चार मिनिटं. तेवढ्यात ज्याला आचळ सापडलं त्याचं पोट भरतं, बाकीच्यांनी उद्याची वाट बघायची. मी कॉलेजात एकतीस वर्षं प्रवेश विभागात होतो, आणि पिंजरा मागल्या पडवीत असल्यामुळे माझ्या जुन्या गोष्टी गोदानं ऐकलेल्या होत्या. "नियमावली तुम्हीच करा, भाऊसाहेब," ती म्हणाली तेव्हा, खरं सांगतो, मी फुगलो. निवृत्त झाल्यापासून मला कुणी कसली नियमावली मागितली नव्हती.

एका बैठकीत नियम लिहून काढले. वजनानुसार गुणवत्ता यादी. पहिली आठ पात्र, उरलेली तीन प्रतीक्षा यादीत, फेरफार नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत एकेक पिल्लू ठेवून वजनं घेतली आणि यादी पिंजऱ्याला अडकवली.

माझ्या बायकोनं, सिंधूनं, चष्मा लावून ती वाचली. "अहो, जे आधीच रोड आहे त्यालाच उपाशी ठेवायचं? ही कुठली रीत?"

"गुणवत्ता म्हणजे गुणवत्ता," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आठ जणांची पोटं टम्म होती. उरलेल्या तिघांची वजनं छत्तीस, तेहेतीस आणि सत्तावीस ग्रॅम, अंगावरची कातडी सैल आणि सुरकुतलेली. सत्तावीसवालं हाताला गार लागत होतं. माझा जीव थाऱ्यावर राहिना. पडवीतून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पडवीत मी इतक्या खेपा घातल्या की सिंधूनं मधली चटई उचलून ठेवली. शेवटी पिंजऱ्यापुढे उभा राहिलो.

"गोदा, दोन तुकड्या करू. आधी हडकुळ्यांना पाजू, मग दांडग्यांना."

तिनं तोंडातली गवताची काडी संपवली. "नियमात दुसरी तुकडी नाही."

"नियम मीच केलेत."

"म्हणूनच पाळते. जागा शिल्लक नाही."

हे वाक्य माझं होतं. एकतीस वर्षं खिडकीतून मान वर न करता मी ते म्हटलं होतं. समोरचे चेहरे मी कधी लक्षात ठेवले नव्हते. त्या दुपारी ते एकेक करून आठवायला लागले आणि मला जेवण गेलं नाही.

गल्लीच्या टोकाला कुलसुमबी मुजावरांची मुन्नी सशीणही गोदा व्याली त्याच दिवशी व्याली होती, आणि तिला चारच पिल्लं झाली होती. तिघांना टोपलीत घालून मी तिकडे गेलो. कुलसुमबींनी मुन्नीच्या घरट्यातली लोकर आधी तिघांच्या अंगावर चोळली. "परका वास आला तर ती इचारतबी नाई, सरळ हाकलते," त्या म्हणाल्या. मग मुन्नीनं मुलाखत घेतली. पहिल्या दोघांना हुंगलं, आईचा स्वभाव कसा आहे ते विचारलं आणि पोटाशी घेतलं. तिसऱ्याला हुंगून तिनं तोंड फिरवलं.

"तीस गरामच्या आतलं ती घेत नाई, भाऊ," कुलसुमबी खालच्या आवाजात म्हणाल्या. "जीव लागतो आन् मग ते जातं. मागच्या खेपेला लई रडली ती."

उरलेलं एक पिल्लू घेऊन मी परत आलो.

गोदानं तोवर त्याचा आई सोडल्याचा दाखला तयार ठेवला होता. वर्तन चांगलं, प्रगती नाही. एकच रकाना कोरा होता, नवीन आईच्या नावाचा.

"दिवेलागणीपर्यंत भरला नाही तर पटावरून नाव कमी होईल," ती म्हणाली. आवाजात कठोरपणा नव्हता. माझ्याही आवाजात कधी नसायचा.

मी पेन उघडून बसलो, पण कुणाचंच नाव सुचेना. सिंधूनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं, रकान्यात माझं नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं आणि पेन परत दिलं. गोदानं खाली पंजा उमटवला.

"आता नीट ऐका," ती मला म्हणाली. "दिवसातून एकदा जायचं, चार मिनिटं. बाकी वेळ जवळ फिरकायचं नाही. आई घुटमळली की वास सुटतो, आणि वासावर बोका येतो."

"आणि काळजी वाटली तर?"

"वाटतेच. लांब बसून करायची."

बुटाच्या खोक्यात वाळलेलं गवत घातलं. शेळीचं कोमट दूध ड्रॉपरनं पाजलं, तर ते तीन थेंब प्यायलं. दुसऱ्या दिवशी वजन सव्वीस. मी हादरलो. गोदानं येऊन खोकं तपासलं.

"ऊब नाही यात. लोकर कुठंय?"

"कुणाची?"

"आईची. मी कुठून आणते?"

तिनं छाती दाखवली. तिथली कातडी उघडी, लाल पडलेली होती. ती मी चार दिवस बघत होतो आणि खरूज समजून मलम आणायचं ठरवत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी सदऱ्याची बटणं काढली. छातीवरचे पांढरे केस चिमटीचिमटीनं उपटून खोक्यात अंथरले. फार दुखतं. सिंधू खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "डावीकडचे राहिलेत."

मग सत्तावीस. पुन्हा सत्तावीस. मग एकतीस. रोज चार मिनिटं सोडली तर मी फाटकाच्या पायरीवर बसून असे, एक डोळा बोक्यावर, एक घड्याळावर. "आपल्या मुलीच्या वेळी नव्हता हो असे बसलात," सिंधू एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली. खरं होतं ते. नव्हतो बसलो.

अकराव्या पहाटे वजन अठ्ठावन्न भरलं. दूध पिऊन झालं, मी ड्रॉपर पुसला, आणि त्यानं डोळे उघडले. आधी उजवा, मग डावा. माझ्या केसांत बसून ते माझ्याकडे बघत राहिलं. मी घड्याळ पाहिलं. सव्वा मिनिट शिल्लक होतं. तेवढा वेळ मी खोक्याशी बसलो, आणि मग उठून फाटकापाशी गेलो.