वास येतोय का?

बिरूतात्या कधी कुणाला राम राम करत नसत. जिन्यात गाठ पडली की ते अगदी अंगाला अंग लागेल इतके जवळ यायचे, हनुवटी वर करायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "वास येतोय का माझा?"

आता भल्या माणसानं याला काय उत्तर द्यावं? आपण पडलो शिकलेसवरलेले. "छे हो, अजिबात नाही!" म्हणायचं आणि श्वास रोखून बाजूला व्हायचं. खरं तर वास असा यायचा की डोळ्यांत पाणी उभं राहावं. मेंढरांचा वास. लोकर, लेंड्या, आंबूस दूध, सगळं एकदम. पण आमचं "नाही" ऐकलं की तात्यांचा चेहरा पडायचा. "न्हाय येत?" असं पुटपुटत खांद्यावरची काळी घोंगडी हातापायांना खसाखसा घासायचे आणि तसेच पायऱ्या चढायचे.

बारामतीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाचा फ्लॅट. ठकूकाकूंच्या औषधपाण्यासाठी म्हणून त्यानं दोघांना इथं आणून ठेवलेलं. काकू कधी खाली आल्या नाहीत. तात्या मात्र रोज सकाळी इंदापूरची एसटी धरून वरकुट्याला जायचे. तिथं पुतण्याकडे पंधरा-वीस मेंढरं उरली होती. दोन-तीन तास त्यांच्यात बसायचे आणि भर एप्रिलच्या उन्हात घोंगडी पांघरून परत यायचे. एसटीत त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी.

सुवासाशी या माणसाचं जन्माचं वैर. एका लग्नात अत्तर लावणारी मुलगी समोर आली, तर तात्या पंगत सोडून मांडवाबाहेर पळाले. न्हाव्याला दम दिलेला, "दाढी झाल्यावर ते फुसफुस मारलंस तर बघ!" आमच्या सत्यनारायणाला आले ते उदबत्ती विझल्यावर, आणि प्रसाद घेऊन उभ्या उभ्या गेले.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे तक्रारी ऐकायला ठेवलेला बिनपगारी माणूस. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, 'सभासदांनी जिन्यात स्वच्छता राखावी.' कुणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळलं, तात्या सोडून. मग माझं डोकं सटकलं. चंदनाच्या साबणाची वडी घेऊन तडक वर गेलो आणि दारातच त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, "तात्या, उद्या कुठं जायचं नाही. ही लावून अंघोळ करा. घोंगडी गच्चीवर उन्हात टाका. लोक मला जगू देत नाहीत!"

ते वडीकडे बघतच राहिले. "बरं, शेक्रेटरी," एवढंच म्हणाले. आपण काय करून बसलो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी नऊला वरून आरडाओरडा आला. धावत गेलो. तात्या दाराबाहेर उभे, ओल्या पंच्यावर, चंदनाचा घमघमाट सुटलेला. दार आतून बंद. कपाळावर टेंगूळ, पायाशी लाटणं.

आतून काकू किंचाळत होत्या, "चोर शिरलाय घरात! आमचं मालक मेंढरं घिऊन गेल्यात, येऊ द्या त्यास्नी! टकुरं फोडत्याल तुजं!"

तात्या माझ्याकडे बघून हसले. "मालक म्हंजी मीच," म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच जीभ चावावीशी वाटली. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ती मागं गेलीया, शेक्रेटरी. लगीन होऊन वाड्यावर आली, तितं. आमचा वाडा म्हंजी मेंढरं, तीन दगडाची चूल अन् वर आभाळ. पोराला वळखत न्हाय. माझं तोंड तर पार इसरली. ह्यो म्हातारा कोण, म्हणती. पर मेंढराचा वास आला की वळखती. घोंगडी न्हाय, तर मी बी न्हाय."

"मग रोज आम्हाला का विचारत होता?"

"मला कुठं कळतंय? तापात माझ्या नाकाचा वासच गेला, त्याला झाली तीन सालं. दूध करपलं काय अन् अत्तर सांडलं काय, मला सारखंच. घरात जायच्या आधी कुणाला तरी इचारावं लागतं. अन् तुमी समदी न्हाय म्हणता! दोनदा तुमच्या 'न्हाय'वर जिन्यातनं माघारी फिरलोय. परत यष्टी, परत वरकुटं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत गच्चीवर गेलो, घोंगडी आणली, माझ्या हातानं त्यांच्या अंगावर घातली. तात्यांनी कडी वाजवली. दार बोटभर उघडलं. आतून नाकानं ओढलेला श्वास ऐकू आला.

"आलासा व्हय?" काकूंचा आवाज एकदम नव्या नवरीसारखा. "आज कुणाच्या रानात बसवली मेंढरं?"

"पाटलाच्या," तात्या म्हणाले.

"चोर आला हुता."

"पळाला त्यो."

दार लागलं. मी साबणाची वडी मागून घेतली नाही, हिंमतच झाली नाही.

त्या दिवसापासून मी अख्ख्या इमारतीला पढवलं. तात्यांनी विचारलं की खरं सांगायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून सांगायच्या, "येतोय हो तात्या, चांगला येतोय!" मी तर खालूनच ओरडायचो, "तात्या, फाटकापर्यंत येतोय!" म्हातारा खूश होऊन दोन-दोन पायऱ्या चढायचा. तक्रारी मी खिशात घातल्या.

काकू थंडीत गेल्या. शेवटचे दोन दिवस त्यांनी तात्यांच्या घोंगडीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. सोडवायला त्रास झाला म्हणतात.

आता जिन्यात फिनेलचा वास असतो आणि मला तो सोसत नाही. तेराव्यानंतर मी तात्यांना विचारलं, "वरकुट्याला जात नाही का हो?"

"कशाला? वळखायला कोण हाय आता?"

परवा सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात काकूंची वाकळ, जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. ती माझ्यापुढं धरली.

"पोरगा म्हणतोय, धुऊन टाकू. मला नाक न्हाय. तुमी बघा, तिचा वास येतोय का?"

मी वाकळीत तोंड खुपसलं. काकूंचा मागमूस नव्हता. मेंढरांचा वास होता, नुसता तात्यांचा. इतकी वर्षं त्यांनी स्वतःच तो तिच्या अंथरुणात नेऊन भरला होता.

"येतोय," मी म्हणालो.

"कसला?"

एकदा औषधं द्यायला वर गेलो होतो, तेव्हा काकू मिश्री लावत बसल्या होत्या, एवढंच आठवलं. "मिश्रीचा. आणि खोबरेल तेलाचा."

तात्यांनी डोळे मिटले. "व्हय," म्हणाले. "मिश्रीच. लई लावायची." मग वाकळीची नीट घडी घातली, छातीशी धरली.

"मग धुवायची न्हाय. उद्या परत आणतो. वास गेला की सांगा, शेक्रेटरी. मागच्यासारखं खोटं बोलू नगा."

"सांगेन," मी म्हणालो.