बोटीची लोड टेस्ट

खोका उघडल्यापासून लिफ्टवाला झाकणावरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होता. खोक्यावर लाकडी बोटीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी, एकदम सोपी'. तेच तर. अवघड बोट जमली नाही तर कुणी काही म्हणत नाही. सोपी जमली नाही तर माणसानं तोंड कुठे लपवायचं?

इमारतींतल्या लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. त्यानं सही केली तर लिफ्ट चालू, नाहीतर लोक जिन्यानं. पण आज तपासणी त्याचीच होती. ज्या बाईशी त्याला लग्न करायचं होतं, ती सकाळी ऑफिसला निघताना दारात हळूच म्हणाली होती, "माझं काही नाही रे. पण ती हो म्हणाली तरच." ती म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. घरात तिला भिंगरी म्हणायचे. याच्यासमोर मात्र भिंगरी कधी फिरलीच नव्हती, सोफ्याच्या कोपऱ्यात बसून नुसती बघायची.

आत्ता ती टेबलाच्या पलीकडून बघत होती.

"काका, तो तुकडा उलटा लावलाय तुम्ही."

"नाही गं, बरोबर आहे."

"चित्रात टोक पुढे आहे."

चित्रात टोक पुढेच होतं. त्यानं तुकडा उपटला, तर डिंकानं तो बोटालाच चिकटून आला. हात झटकत त्यानं विचारलं, "मजा येतेय ना?" हे त्यानं सकाळपासून इतक्यांदा विचारलं होतं की भिंगरी आता तो तोंड उघडायच्या आधीच मान हलवायची.

दुपारी बोट झाली. जरा वाकडी, पण बघणाऱ्याला बोटच वाटेल अशी. भिंगरीनं तिला लाल रंग दिला, शिडाची काठी रोवली आणि पहिल्यांदाच दात दिसतील एवढी हसली.

"आई आली की तळ्यावर सोडू."

इथे दुसरा कुणी असता तर गप बसला असता. याला मात्र तळं दिसलं, काठावर आई दिसली, मधोमध गेलेली बोट दिसली आणि मग नुसते बुडबुडे दिसले.

"आधी लोड टेस्ट करूया," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये आम्ही माणसांपेक्षा जास्त वजन भरून बघतो. तरच पास."

"पण हिच्यात कोण बसणारे?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून तो नळ सोडायला गेला.

सिंकचं भोक फडक्यानं बंद केलं. बोट तरंगली. त्यानं एक चमचा ठेवला, मग दुसरा, मग हाताला लागतील तेवढे.

"झाली की पास," भिंगरी म्हणाली.

"वारा आला तर?" त्यानं सगळे चमचे एका बाजूला सरकवले. बोट झुकली, पण तरली. म्हणजे आता तर कुणीही थांबलं असतं. याची नजर खलबत्त्याकडे गेली.

"काका, बत्ता नको."

"बत्ता पेलला की मग काळजीच नाही ना."

बत्ता बोटीनं क्षणभर पेलला, नाही असं नाही. मग कट् असा आवाज आला. चमचे खणखणत तळाला गेले, ओला डिंक सुटला, पाणी लाल झालं. दोघं कोपरापर्यंत हात घालून फळ्या शोधत राहिले आणि नळ कुणाच्याच लक्षात राहिला नाही. पाणी ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून हॉलकडे निघालं. लिफ्टवाल्यानं खुर्चीवरचं फडकं ओढलं आणि धाडकन गुडघ्यांवर बसून पुसायला लागला.

"काका," भिंगरी बारीक आवाजात म्हणाली, "ते फडकं नाहीये. आईचा शर्ट आहे. इस्त्रीचा."

तेवढ्यात दारात चावी फिरली.

आईनं फरशी बघितली, शर्ट बघितला, सिंकमधला बत्ता बघितला. "हे काय आहे?"

संपलं, लिफ्टवाल्याला वाटलं. "चूक माझी..."

"मी सांगितलं," भिंगरी मध्येच म्हणाली. "बत्ता टाकून बघू म्हणून. काका नकोच म्हणत होते."

आई एवढे दिवस भिंगरीसमोर त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. आज तिनं पर्स आपटली.

"आणि तू ऐकलंस? एवढा घोडा झालास आणि ऐकलंस? दोघांना मिळून एक तरी डोकं आहे का? उद्याच्या मीटिंगचा शर्ट होता तो. पुसा आता दोघं. माझा चहा होईपर्यंत फरशी कोरडी पाहिजे मला."

दोघं शेजारी शेजारी बसून पुसायला लागले.

"खोटं कशाला सांगितलंस?" तो कुजबुजला.

"तुम्ही रडणार होतात."

"मी? छे."

"नाक लाल झालं होतं." तिनं पायपुसणं उचलून बाजूला टाकलं. "पुढच्या बोटीला मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

त्याचा हात फरशीवरच थांबला. "पुढच्या?"

"मग? ही तर गेली." भिंगरीनं बादली त्याच्याकडे सरकवली. "आणि पिळा की जरा. नुसतं इकडचं पाणी तिकडे करताय."