भुऱ्याला पाहायला येणारे

आजार ही खासगी बाब नसून सार्वजनिक मालमत्ता आहे, हे तत्त्व वऱ्हाडाला शिकवावं लागलं नाही. अमरावती असो की अकोला, इथं डॉक्टरनं सांगितलं म्हणून कोणी आजारी ठरत नाही. पाहायला माणसं आली की ठरतो. (ज्याला पाहायला कोणीच येत नाही, त्याला लोक बरा समजतात. मग तो काही का म्हणेना.)

अंजनगाव सुर्जीजवळच्या गोदाबाईंचा बोका भुऱ्या चौदा वर्षांचा झाला, तशी त्याची तहान वाढली आणि अंग उतरलं. गोदाबाईंनी त्याला भाजीच्या टोपलीत घालून बसनं अमरावतीला नेलं. बोक्याला कोणी दवाखान्यात नेतं काय, असं त्यांचे यजमान खुशालराव म्हणाले, पण ते स्वतःलाही कधी नेत नसत, त्यामुळे त्यांचं मत विचारात घेतलं गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, रक्तदाब सगळं तपासलं. उतारवयातल्या मांजराची वर्षातून एकदा तरी तपासणी करावी, कारण किडनी अर्ध्याहून जास्त जाईपर्यंत तोंड उघडत नाही, असं त्यांनी समजावलं. भुऱ्याचं क्रिएटिनिन (किडनी जितकी थकते तितका चढणारा रक्तातला आकडा) दोन पॉइंट सहा निघालं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपता येतं. त्यासाठी पथ्याचं खाणं, घरभर पाण्याची भांडी आणि शांतता हवी. तीन महिन्यांनी पुन्हा आणा. गोदाबाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं. पोरं पुण्याला गेल्यापासून त्यांचं बोलणं मधेच न तोडणारा घरात तो एकटाच उरला होता.

खाणं आणि पाणी त्यांच्या हातात होतं. शांतता गावाच्या हातात होती.

माणसं येऊ लागली. रोग्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून बिस्किटं आली, नारळ आला, खारवलेली सुकट आली (म्हणजे नेमकं जे मना होतं ते). अकोल्याहून पार्बताबाई दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आल्या. भेटीचा शिरस्ता ठरलेला होता. रोग्याच्या तोंडावर ‘लय वाळला’ म्हणायचं, आकडा विचारायचा, ‘एवढाच?’ म्हणायचं आणि याहून मोठ्या आकड्याचा आपल्या ओळखीतला माणूस सादर करायचा, शक्यतो हयात नसलेला. अचलपूरच्या उत्तमरावांकडे नऊ पॉइंट चारचा साडू होता. त्याच्यापुढे कोणाची डाळ शिजली नाही. मांजराचा आकडा आणि माणसाचा आकडा यांची तुलना होत नाही, हे गोदाबाईंनी सांगून पाहिलं. लोक म्हणाले, किडनी ते किडनी.

एकूण पाहणीत असं आढळलं, की शंभर टक्के पाहुण्यांना दुसऱ्याचं क्रिएटिनिन तोंडपाठ होतं. स्वतःचं माहीत असणाऱ्यांचं प्रमाण शून्य टक्के भरलं.

भुऱ्या मात्र कपाटाखाली गेला तो बाहेर येईना. पाण्याची भांडी पाहुण्यांच्या पायांनी लवंडायची, पथ्याचं खाणं तसंच राहायचं आणि सुकट तेवढी कोणीतरी आत सरकवायचं. गोदाबाई चुलीपाशी बसून रडल्या. दारी आलेल्याला परत लावणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि न लावावं तर बोका हातचा जात होता.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव पुन्हा आले, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"या ना भाऊ. पण आधी सोताचा आकडा सांगा, मंग भुऱ्याले पाहा."

"माया आकडा? मले काय झालं?"

"भुऱ्यालेबी काईच नोतं झालं, तपासेपरेंत."

"तुमाले तरी तुमचा ठाऊक हाय काय, वयनी?"

"पॉइंट नऊ. त्याले नेलं तवा माणसाइच्या दवाखान्यात मीबी रगत तपासाले देऊन आली."

उत्तमरावांनी एक चप्पल काढली होती, ती परत घातली आणि बस चुकेल म्हणाले. (अचलपूरची बस दिवसभर असते.)

त्यानंतर त्या दारातून कोणाला परत लावावं लागलं नाही, लोक आपणहून परत गेले. आदरातिथ्याला कुठंही बट्टा लागला नाही. चहाचं आधण रोज ठेवलं जाई. गावानं येण्याजाण्याला पलीकडची गल्ली धरली, आणि ती जरा लांबची असल्यानं पुष्कळांना आयुष्यात प्रथमच व्यायाम घडला.

खुशालरावांनी घरधनी या नात्यानं सूट मागितली. विनंती नामंजूर झाली. दोन रात्री ओट्यावर काढून ते मुकाट्यानं अमरावतीच्या बसमध्ये बसले आणि परत आल्यावर दारात पाहुण्यासारखे उभे राहून त्यांनी एक पॉइंट पाच, म्हणजे हवा त्याहून जास्त, असं सांगितलं. आता ते आणि भुऱ्या दोघंही अळणी जेवतात. कुरकुर एकाचीच असते.

तीन महिन्यांनी भुऱ्याचं वजन वाढलं होतं आणि आकडा दोन पॉइंट तीनवर आला होता. कोणतं औषध दिलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गोदाबाईंनी हसत भुऱ्याला टोपलीत घातलं. त्यांना इतका आनंद पोरांच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

तुम्हीही या. एका बोक्याच्या किडनीची चौकशी करत इथवर आलात, म्हणजे जीव कनवाळू आहे तुमचा. भुऱ्या हल्ली ओट्यावरच ऊन खात पडलेला असतो, आधण ठेवलेलं आहे आणि गोदाबाई दारात उभ्या आहेत. त्या एकच गोष्ट विचारतील.

काय म्हणालात? बस चुकेल?