दौलतकाकांच्या तोंडातलं पाणी

आमच्या नालवाडीच्या प्रार्थना मंडळाचे प्रमुख दौलतकाका महिन्यातून एका रविवारी सगळ्यांसमोर सतरंजीवर बसतात, तांब्यातलं पाणी तोंडात भरतात आणि गाल फुगवून हातानेच खूण करतात, 'करा सुरू.' मग ज्याला काकांविषयी जी तक्रार असेल ती त्याने उभं राहून सांगायची. तक्रारी संपेपर्यंत पाणी गिळायचं नाही, त्यामुळे उलट उत्तर देता येत नाही. नियम त्यांचाच.

काका एसटीत तिकीट तपासनीस होते. "ज्या गाडीत चेकर चढत नाई ना गुरुजी, ते गाडी बिघडतेच," हे त्यांचं आवडतं वाक्य. एखाद्या बुवाचे प्रताप पेपरात छापून आले की कात्रण घेऊन माझ्या ओसरीवर हजर. "याच्या गाडीत कोणी चढलं नसन, नाई?" आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हे ऐकणारा पहिला प्रवासी नेहमी मीच.

तक्रारी तरी कसल्या येणार? प्रवचन लांबलं. पंखा स्वतःकडेच वळवून घेता. कुणी पाया पडलं की काका तत्काळ उलट त्याच्या पाया पडायला वाकत आणि दोन डोकी आपटत. एका बाईंनी कपाळावरचं टेंगूळ पुरावा म्हणून दाखवलं होतं. एकदा कुणीतरी म्हणालं, "काका बेसूर गातात अन् वरून डोये मिटून घेतात, म्हणजे आमचे चेहरे दिसाले नको." काकांना हसू आवरलं नाही. सगळं पाणी पहिल्या रांगेवर.

त्या पहिल्या रांगेत किराणा दुकानवाले भास्करराव बसत. त्यांची सून वंदना लग्नाआधी नर्सिंग शिकलेली. तिने घरी न सांगता नर्सच्या भरतीचा फॉर्म भरला आणि ही गोष्ट एकट्या काकांना सांगितली. बरी वेळ पाहून सासऱ्यांना सांगणार होती.

पुढच्या प्रवचनात काका रंगात आले. माइकवर म्हणाले, "आपल्याच मंडळातली एक सून, नर्सिंग शिकलेली, चुपचाप भरतीचा अभ्यास करून राह्यली. नाव नाई सांगत. पण हिंमत याले म्हणतात!"

नर्सिंग शिकलेली सून मंडळात एकच होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. माझीही वळली, आणि मी गप्प बसलो. ते अजून मला खुपतं. भास्करराव उठून गेले. घरी त्यांनी तिचं हॉलतिकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं. परीक्षेला दहा दिवस होते.

तक्रारीच्या रविवारी वंदना उभी राहिली. भास्करराव आलेच नव्हते. काका पाणी भरून बसले होते.

"काका, मी तुमाले एकट्याले सांगतलं होतं. तुमी माइकवर सांगतलं. नाव नाई घेतलं म्हणता, पण राह्यलं काय सांगाचं? आता माही परीक्षा हातची जाते."

काकांचे फुगलेले गाल हळूहळू बसले. पाणी गिळलं होतं. आता सारवासारव करतील असं आम्हाला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "खरं हाये."

मंडळाने ठरवलं की वर्षभर काका माइक हातात घेणार नाहीत. काकांनी मान डोलावली आणि चपला घालून थेट दुकान गाठलं. मी मागोमाग. भर गिऱ्हाइकांत त्यांनी हात जोडले.

"भास्करराव, तिनं भरोशानं सांगतलेली गोष्ट फोडली मी. सजा तिले काऊन?"

भास्करराव साखर मोजत होते. "मले परीक्षेचा राग नाई. साऱ्या मंडळाले मालूम अन् मलेच नाई! माह्या घरची गोष्ट मी माइकवर आयकावं?"

"तुमचं बरोबर हाये. ते तुमालेच सांगणार होती. मीच मधात तोंड घातलं."

भास्कररावांनी पुडा बांधला, गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परतताना मी न राहवून विचारलं, "पण काका, तुम्ही सांगितलंतच का?"

"तिनं सांगतलं तवा लय बरं वाटलं, गुरुजी. अशी आनंदाची गोष्ट माह्यापाशी कोणी आणत नाई, सारे रडगाणंच आणतात. घरी गेलो, त सांगाले कोण हाये? भिंती. आठ दिवस पोटात ठेवली. मंग माइक समोर आला." मग म्हणाले, "पण ते गोष्ट तिची होती."

परीक्षेच्या सकाळी भास्करराव स्वतः वंदनाला गाडीवर बसवून केंद्रावर घेऊन गेले. काका फाटकाशी उभे होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

निकालाच्या दिवशी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. भिंतीपलीकडून वंदनाचा आवाज आला.

"काका, पास झाली मी!"

"घरी सांगतलं का आधी?"

"सांगतलं ना, दुकानात जाऊन बाबायले. दुसरे तुमी."

थोड्या वेळाने काका माझ्याकडे आले. डोळे पुसत पायरीवर बसले. "गुरुजी, दुसरा नंबर लागला माहा," म्हणाले.

कशात, ते मात्र सांगेनात. मीही विचारलं नाही.